हिरवा रंग गेला, पण गुडमार कुठे गेला?

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एम.एस्सी.च्या एका मुलीनं विचारलं आहे: "मॅडम, जांबोटीच्या बाजूला कुंपणावर चढलेल्या गुडमारची (गोडाची चव मारणाऱ्या वेलीची) पानं आणली, सावलीत वाळवली आणि मेथॅनॉलमध्ये भिजवली. अर्क गर्द हिरवा, डांबरासारखा चिकट झाला. सर म्हणाले, आधी क्लोरोफिल काढ. मी चारकोल टाकून गाळलं, दोनदा. अर्क पाण्यासारखा स्वच्छ झाला, पण फ्लॅव्होनॉइडचा (वनस्पतीतल्या उपयोगी घटकांच्या एका गटाचा) आकडा निम्म्याहून खाली आला आणि टीएलसीवर (लेप दिलेल्या प्लेटवर घटक वेगळे करतात त्या चाचणीत) डागच दिसेनात. आता काय करू?"

तुझं सगळंच चुकलं असं नाही. पण चारकोलला क्लोरोफिल ओळखता येत नाही. त्याला सपाट, कड्यांनी बनलेले रेणू आवडतात, एवढंच. क्लोरोफिलचं डोकं सपाट असतं म्हणून ते चिकटतं. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल या जातीचे फ्लॅव्होनॉइडही सपाटच, तेही चिकटतात. आणि गुडमारचा खरा ऐवज म्हणजे जिम्नेमिक आम्लं. ती सॅपोनिन आहेत, साबणाच्या स्वभावाची. साबण मिळेल त्या पृष्ठभागावर जाऊन बसतो, तो कोळसा कशाला सोडेल? पहिल्या वेळी जे वाचलं होतं ते तू दुसऱ्या वेळी घालवलंस. चारकोल किती टाकलास ते लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज, स्पॅट्युलानं, रंग जाईपर्यंत. आम्हीही तसंच करायचो.

तरीही आकडा निम्मा झाला तो सगळा चारकोलनं खाल्ला असं समजू नकोस. तुझा पहिला आकडाच फुगलेला असणार. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची फ्लॅव्होनॉइड मोजायची चाचणी आपण ४१५ नॅनोमीटरवर वाचतो. क्लोरोफिल ए निळ्या प्रकाशात सगळ्यात जास्त शोषण करतं ते ४३०च्या आसपास, आणि त्याचा पायथा ४१५वर चांगलाच पसरलेला असतो. यंत्राला शोषण कळतं, ते कुणाचं हे कळत नाही. म्हणजे हिरव्या अर्काचा आकडा हा फ्लॅव्होनॉइड अधिक क्लोरोफिल असा होता. त्यातलं क्लोरोफिल गेलं ते बरंच झालं, फ्लॅव्होनॉइड किती गेले ते अजून तुला माहीतच नाही.

ते आज दुपारीच कळू शकतं. मूळ हिरवा अर्क थोडा राखून ठेवला असशील अशी आशा आहे. त्याच अर्काचं तेच माप घे, बाकी सगळं तसंच घाल, फक्त अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या जागी तेवढंच पाणी. हा त्या नमुन्याचा स्वतःचा ब्लँक. त्याचं शोषण मूळ आकड्यातून वजा कर. चारकोल केलेल्या अर्कालाही हेच कर. मग जो फरक उरेल तो चारकोलच्या खात्यावर टाक. मी तपासलेल्या कितीतरी प्रबंधांत हा ब्लँक नसतो, आणि पानांत मुळांपेक्षा फ्लॅव्होनॉइड जास्त असा निष्कर्ष मात्र ठोकून दिलेला असतो. जास्त असतीलही, पण तो आकडा त्याचा पुरावा होत नाही.

यावरूनच पुढचा प्रश्न येतो, तुला रंग काढायचा तरी आहे का? एकूण फेनॉलची फोलिन चाचणी ७६० नॅनोमीटरवर वाचतात, तिथं क्लोरोफिल जवळपास गप्प असतं. डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट चाचणी ५१७वर, तिथंही ताज्या क्लोरोफिलचा त्रास कमी, आणि नमुन्याचा ब्लँक घेतला की तोही निघतो. प्रबंधात एवढंच असेल तर रंगाच्या मागे लागून सहा महिने घालवू नकोस. रंग काढायलाच लागतो तो टीएलसी किंवा एचपीएलसीसाठी (कॉलममधून दाबानं सोडून घटक वेगळे करतात त्यासाठी), एखादा घटक वेगळा करायचा असेल तर, आणि पेशींवर चाचणी करायची असेल तर, कारण क्लोरोफिल आणि त्याचे तुकडे उजेडात पेशींना स्वतःच मारतात आणि श्रेय तुझ्या वनस्पतीला मिळतं. एचपीएलसीचा धडा मी स्वतः घेतलेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी हिरवा अर्क नुसता ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून थेट यंत्राच्या सी-१८ कॉलमवर (तेलकट रेणू धरून ठेवणाऱ्या भुकटीच्या नळीवर) सोडला. दिसायला द्रावण नितळ होतं. पण क्लोरोफिल त्या कॉलमच्या तोंडाशी बसून राहिलं, प्रेशर चढत गेलं, नुसतं मेथॅनॉल सोडलं तरी आलेखात भुतासारखे उंचवटे यायला लागले. तो कॉलम पुन्हा कधी धड चालला नाही. नवा मागवायला गेले तेव्हा विभागप्रमुखांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता क्लोरोफिल म्हणजे काय ते प्रयोगशाळेच्या नजरेनं बघ. आपल्याकडे वर्गात निम्मी मुलं त्याला हरितद्रव्य म्हणतात आणि निम्मी कन्नडमध्ये पत्रहरित्तु. दोघांनाही प्रकाशसंश्लेषण पाठ असतं, पण ते कशात विरघळतं हे सांगता येत नाही. त्याला डोकं आणि शेपूट आहे. डोकं म्हणजे मधोमध मॅग्नेशियम बसवलेलं सपाट कडं, शेपूट म्हणजे २० कार्बनची फायटॉलची साखळी. ती शेपूट तेलकट असल्यामुळे क्लोरोफिल पाण्यात जात नाही. रंग काढायच्या बहुतेक पद्धती या शेपटीला धरूनच चालतात. म्हणून शेपूट तुटली की सगळं गणित फिसकटतं.

शेपूट तुटते कशी? पानातच क्लोरोफिलेज नावाचं एन्झाइम असतं. ताजं पान वाटून पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये किंवा अ‍ॅसिटोनमध्ये ठेवलं की ते शेपूट कापायला लागतं. उरतं ते क्लोरोफिलाइड, रंगानं तितकंच हिरवं, पण आता हेक्सेनला न जुमानणारं. मुलं येऊन सांगतात, "मॅडम, पाच वेळा हेक्सेननं धुतलं, खालचा थर हिरवाच." पाचशे वेळा धुतलं तरी हिरवाच राहील. अल्कोहोलमध्ये कॉस्टिक घालून गरम केलं तरी शेपूट तुटते आणि हिरवा रंग पाण्यात उतरतो. काही जण हे मुद्दाम करतात, आम्ल-क्षारांना न घाबरणाऱ्या घटकांसाठी ते चालतंही. गुडमारला नाही. जिम्नेमिक आम्लांवर एस्टरचे गट असतात, कॉस्टिकनं ते सुटतात आणि तुझ्या हातात वेगळाच पदार्थ येतो.

दुसरी गडबड डोक्याची. अळूच्या फदफद्यात चिंच पडली की हिरवा रंग जाऊन खाकी होतो, ते आठव. आम्लामुळे मधला मॅग्नेशियम निघून जातो आणि क्लोरोफिलचं फिओफायटिन होतं. पानाच्या स्वतःच्या आम्लामुळे हे अर्कातही होतं. अर्क फ्रीजबाहेर राहिला, सकाळी बघितलं तर हिरवा जाऊन शेवाळी-तपकिरी, आणि मुलांना वाटतं रंग आपोआप कमी झाला. काही कमी झालेलं नसतं. उलट फिओफायटिनचं मोठं शोषण ४१०च्या जवळ सरकतं, म्हणजे बरोबर तुझ्या ४१५च्या चाचणीवर, आणि ५०५ ते ५३५च्या दरम्यान त्याचे दोन लहान उंचवटे येतात, ते डीपीपीएचच्या वाटेत.

म्हणून खरी लढाई अर्क काढण्याआधीची आहे. पानं आणलीस की त्याच दिवशी दोन-तीन मिनिटं वाफव. मोदकपात्र चालेल, आमच्याकडे इडलीचं भांडं त्यासाठीच ठेवलं आहे आणि त्यावर लाल रंगानं फुली मारली आहे, कुणी घरी नेऊ नये म्हणून. वाफेनं एन्झाइम मरतं, क्लोरोफिलेजही आणि ग्लायकोसाइड (साखर जोडलेले घटक) तोडणारी इतर एन्झाइमंही. मग पसरून वाळव. जांबोटी, कणकुंबीकडून जुलै-ऑगस्टमध्ये आणलेली पानं बेळगावच्या हवेत सावलीत वाळत नाहीत, ती कुजतात. पंख्याखाली आठवडाभर ठेवून वर पांढरी बुरशी आलेली पानं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात ट्रे ड्रायर ४० ते ४५ अंशांवर लाव, किंवा पानं दिवाळीनंतर आण.

आणि मेथॅनॉल कशासाठी? सगळे मेथॅनॉल घेतात म्हणून. शुद्ध मेथॅनॉल कोरड्या पानातून क्लोरोफिल भराभर ओढतं. तुला हवी आहेत ती जिम्नेमिक आम्लं आणि फ्लॅव्होनॉइडची ग्लायकोसाइडं, दोन्ही पाण्याकडे झुकणारी. ५० ते ७० टक्के इथेनॉल घे. अर्क हिरवा येईलच, पण डांबर येणार नाही.

पेट्रोलियम ईथरनं आधी चरबी काढ असं प्रत्येक पुस्तक सांगतं आणि मुलांना वाटतं त्यातच क्लोरोफिल निघेल. फारसं निघत नाही. क्रोमॅटोग्राफी हे नाव ज्यानं १९०६ साली दिलं, त्या त्स्वेटनं हेच तर पाहिलं होतं: क्लोरोफिल पेट्रोलियम ईथरमध्ये विरघळतं, पण पानातून ते नुसत्या पेट्रोलियम ईथरनं निघत नाही, थोडं अल्कोहोल घातलं की सुटतं. पानात ते प्रथिनांना धरून बसलेलं असतं, अल्कोहोल ती पकड सोडवतं. तेव्हा ही पायरी मेणासाठी आणि तेलासाठी कर, जरूर कर, पुढं गाळणं सोपं जातं. पण सॉक्सलेटचं (भुकटी सतत धुणाऱ्या काचेच्या उपकरणातलं) द्रावण रंगहीन झालं म्हणून पान क्लोरोफिलमुक्त झालं असं वहीत लिहू नकोस.

आता गुडमारची वाट. ५० ग्रॅम भुकटी, पेट्रोलियम ईथरनं धुऊन पूर्ण वाळवलेली (ईथरचा वास राहिलेली भुकटी हीटिंग मँटलजवळ नेऊ नकोस). ७० टक्के इथेनॉल, ४००-५०० मिली, रात्रभर, असं तीनदा. सगळं एकत्र करून रोटावर (फिरत्या फ्लास्कच्या बाष्पीभवन यंत्रावर) ४५ अंशांच्या आत इथेनॉल उडव. पूर्ण कोरडं करू नकोस, इथेच बहुतेक जण चुकतात. इथेनॉल जाऊन नुसतं पाणी उरलं की थांब. अल्कोहोल गेल्यामुळे क्लोरोफिलला विरघळायला जागा राहत नाही, ते मेणासोबत हिरव्या गाळाच्या रूपात बाहेर पडतं. फ्लास्क रात्रभर ४ अंशांवर ठेव आणि सकाळी ब्युकनर फनेलमध्ये सेलाइटचा (गाळायला वापरतात त्या भुकटीचा) बोटभर थर देऊन गाळ. नुसत्या फिल्टर पेपरवर तो गाळ चिखलासारखा बसतो आणि संध्याकाळपर्यंत थेंब-थेंब करत राहतो.

अडुळशाला किंवा शेवग्याला एवढ्यानं पाणी बऱ्यापैकी सोनेरी होतं. गुडमारला होत नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. सॅपोनिन साबण आहेत म्हटलं ना. ताटाचं तेल साबण पाण्यात नेतो, तसे ते क्लोरोफिलला पाण्यात धरून ठेवतात. गाळलेलं पाणी गढूळ हिरवटच राहील. त्यात मेथॅनॉल घालून ७०-८० टक्क्यांवर आण म्हणजे साबणाची पकड ढिली होते, मग सेपरेटिंग फनेलमध्ये तेवढ्याच हेक्सेननं तीनदा धू. जोरात हलवू नकोस, आडवं धरून सावकाश डोलव. एकदा का फेस आणि दही झालं की ते दुसऱ्या दिवशीही तसंच असतं. झालंच तर चिमूटभर मीठ टाक, किंवा सेंट्रिफ्यूज.

मेथॅनॉल ८० टक्क्यांच्या वर का नको? विलश्टेटरला १९१५चं रसायनाचं नोबेल ज्या कामाबद्दल मिळालं, त्यात क्लोरोफिल ए आणि बी वेगळे करण्याची युक्ती हीच होती: पेट्रोलियम ईथर आणि ९० टक्के मेथॅनॉल एकत्र हलवायचं, ए वर जातं, बी खाली राहतं. म्हणजे ९० टक्क्यांत हेक्सेननं धुणारा माणूस नकळत विलश्टेटरचा प्रयोग करतो आणि खालचा थर पोपटी का राहिला म्हणून डोकं खाजवतो. पाणी वाढव, बीदेखील वर जाईल. तरीही खाली हिरवं उरलं तर ते शेपूट तुटलेलं समज, आणि वाफवण्याच्या पायरीला परत जा.

धुऊन झाल्यावर मेथॅनॉल उडव, उरलेल्या पाण्यातून एन-ब्युटॅनॉलनं सॅपोनिन काढ. ब्युटॅनॉल ११७ अंशांना उकळतं, रोटावर जीव खातं. थोडं पाणी घालत राहिलं की दोघं मिळून बरंच लवकर निघतात. टीएलसीवर डाग दिसेनात म्हणालीस, पण कशानं बघितलेस? जिम्नेमिक आम्लं अतिनील दिव्याखाली जवळजवळ दिसतच नाहीत. अ‍ॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून प्लेट १०५ अंशांवर तापव, मग बोल. कदाचित तुझा माल अजून तिथेच आहे.

महाविद्यालयात एचपी-२० रेझिन (रेणू धरून ठेवणारे सच्छिद्र मणी) असेल तर ब्युटॅनॉलच्याही भानगडीत पडू नकोस. अर्क पाण्यातून कॉलमवर चढव, पाण्यानं साखर आणि क्षार धुऊन टाक, मग ३०, ५०, ७० टक्के मेथॅनॉल असं चढत जा. तुझे घटक या टप्प्यांत उतरतात. क्लोरोफिल वर हिरव्या कड्यासारखं बसून राहतं, ते शुद्ध मेथॅनॉल किंवा अ‍ॅसिटोन आलं की मगच हलतं, आणि ते तू वेगळ्या बाटलीत घेशील. लहान प्रमाणात, एचपीएलसीआधी, सी-१८च्या छोट्या कार्ट्रिजमध्ये हेच होतं: नमुना ८० टक्के मेथॅनॉलमध्ये सोडायचा, हिरवं वर अडकतं, खाली स्वच्छ थेंब येतात. मला विचारशील तर पानांच्या अर्कासाठी याच्याइतकी कमी नुकसानीची दुसरी पद्धत नाही. सिलिका जेल मी सॅपोनिनसाठी पहिल्या पायरीला वापरत नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात उघड्या डब्यातली सिलिका हवेतलं पाणी पिऊन बसलेली असते. प्लेटा ११० अंशांवर अर्धा तास तापवल्याशिवाय आरएफ (डाग किती वर चढला त्याचं प्रमाण) दोन दिवस सारखे येत नाहीत.

तू अडुळसा घेतला असतास तर हे पुराण दहा ओळींत संपलं असतं. त्यातलं व्हॅसिसिन हे अल्कलॉइड, अल्कलीच्या स्वभावाचं. सौम्य आम्लाच्या पाण्यात ते क्षार (सॉल्ट) होऊन उतरतं, क्लोरोफिल मागे राहतं. थोडं आलंच तर डीसीएमनं (डायक्लोरोमिथेननं) धुऊन काढायचं, मग अमोनियानं पीएच ९च्या वर नेऊन व्हॅसिसिन नव्या डीसीएममध्ये घ्यायचं. तिथं क्लोरोफिल वेगळं काढावं लागतच नाही. फक्त अर्क खिडकीत ठेवायचा नाही. आमच्याकडच्या एका मुलानं उन्हानं रंग उडतो म्हणून अडुळशाचा फ्लास्क दोन दिवस गच्चीवर ठेवला होता. रंग उडाला हे खरं. पण क्लोरोफिल उजेडात ऑक्सिजनला चेतवतं आणि तो शेजारच्या रेणूंवर तुटून पडतो. व्हॅसिसिन तर हवेतसुद्धा व्हॅसिसिनोन व्हायला टपलेलं. टीएलसीवर भलताच नकाशा उमटला.

चारकोल कधीच नको असं मी म्हणत नाही. इतर उपाय करून शेवटची हिरवट छटा उरली असेल तर वापर, पण वजन करून, अर्कातल्या कोरड्या पदार्थाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करून, आणि पाण्यात नव्हे, अल्कोहोलमध्ये. पाण्यात त्याची भूक फार मोठी असते. दहा-पंधरा मिनिटं, सेलाइटवर गाळ, आणि गाळणीवरचा कोळसा गरम मेथॅनॉलनं धुऊन त्यात काय निघतं ते टीएलसीवर बघ. द्राक्षांतल्या कीटकनाशकांचे अवशेष तपासणारे लोक ग्राफाइटी कार्बनची भुकटी वापरतात, त्यांनाही सपाट रेणूंची कीटकनाशकं त्यात अडकतात म्हणून हिशेब ठेवावा लागतो. मागे एकानं विचारलं होतं, तेलाच्या रिफायनरीत मातीनं हिरवा रंग काढतात, मग आपली खानापूरची माती का नको? ती माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी उत्तम. रिफायनरीची माती म्हणजे आम्लानं तयार केलेलं बेंटोनाइट, आणि ती आम्लधर्मी असल्यामुळे उरलेल्या क्लोरोफिलचं फिओफायटिन करून ठेवते. आपल्या अर्कासाठी दोन्ही नकोत.

रंग गेला हे डोळ्यांनी ठरवू नकोस. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा दिवा धर, क्लोरोफिल आणि फिओफायटिन दोन्ही लाल चमकतात, डोळ्यांना पिवळा दिसणारा अर्कही कधीकधी लालसर उजळतो. मग ६०० ते ७०० नॅनोमीटर स्कॅन घे. ६६०-६६५च्या जवळचा उंचवटा आधी किती, नंतर किती, तो रंगाचा हिशेब. नुकसानीचा हिशेब वेगळा: अर्काचा एक भाग घेऊन त्यात माहीत असलेल्या मापाचं रुटिन किंवा क्वेर्सेटिन मिसळ, तीच प्रक्रिया कर आणि किती परत मिळालं ते मोज. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेस तर तोंडी परीक्षेत तुला कुणी अडवणार नाही.

एक गमतीची चाचणी पण आहे. गुडमारचं ताजं पान नीट चावून मग आपला बेळगावी कुंदा तोंडात टाक. गोड लागतच नाही, ओली माती खाल्ल्यासारखं वाटतं, ती करामत जिम्नेमिक आम्लांची. पान ओळखायला हे ठीक, कुंपणावर तशाच दिसणाऱ्या वेली पुष्कळ असतात. पण मेथॅनॉल-हेक्सेन लागलेला अर्क चाखायचा मोह होऊ देऊ नकोस, थेंबभरसुद्धा. दरवर्षी एकजण तरी विचारतो म्हणून लिहिलं.

हेक्सेनचा हिरवा थर आणि सेलाइटवरचा गाळ सिंकमध्ये जाऊ देऊ नकोस. लेबल लावून काळ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेव. एखादा डाग हरवला तर तो आधी तिथे शोधायचा. दोन्ही ब्लँकचे आकडे आणि चारकोलचं वजन कळव, मग तुझे फ्लॅव्होनॉइड खरंच किती गेले ते सांगते.